परीदरबारांची कैफियत

इंग्रजीतील अद्भुतकथेच्या प्रांतात गेल्या चार दशकांत इतके परीदरबार स्थापन झाले आहेत, की त्यांच्या सरहद्दी, मानपान, वारसाहक्क आणि आपसातील वैरे यांची नोंद ठेवण्यास एखादे स्वतंत्र दप्तरच उघडावे लागेल. आणि तरीही या वाङ्मयाचा निर्मत्सर बुद्धीने आढावा घेऊ पाहणाऱ्यास असे म्हणणे भाग पडते, की दरबारांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसा त्यांचा वचक ओसरत गेला.

‘सीली’ आणि ‘अनसीली’ ही आज रूढ झालेली जोडी मुळात स्कॉटलंडची. पहिला दरबार माणसाशी बहुधा सौजन्याने वागणारा, तर दुसरा कोणतीही आगळीक घडली नसताना अपाय करणारा, असे सांगतात. परंतु कादंबऱ्यांत दिसणारा या वाटणीचा काटेकोरपणा जुन्या कथागीतांत सहसा आढळत नाही. ‘अ‍ॅलिसन ग्रॉस’ या कथागीतात हॅलोवीनच्या रात्री फिरतीवर निघालेल्या सीली दरबाराची राणी, चेटकिणीने सरपटणारा प्राणी करून टाकलेल्या तरुणास त्याचे मूळ रूप परत देते. त्या दरबारास कोणी प्रतिपक्ष असल्याचा तेथे मागमूसही नाही. कॅथरीन ब्रिग्ज या विदुषीच्या १९७६ सालच्या परीकोशात दोन्ही दरबारांची माहिती एकत्र उपलब्ध झाली, आणि दोन पक्ष, दोन फौजा व एक सिंहासन यांच्या शोधात असलेल्या कथाकारांस आयताच सरंजाम मिळाला, असे मला वाटते.

लोकपरंपरेत परीजनांच्या वैराला जे वजन होते, ते मनुष्याच्या पोटापाण्याशी असलेल्या त्याच्या संबंधामुळे. अ‍ॅबरफॉइलचा धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क याने १६९१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ग्रंथात, या लोकांना सरदार आणि कायदे आहेत, पण धर्म असल्याचे दिसत नाही, असे नमूद करून, आपल्याकडे सुबत्ता असते तेव्हा त्यांच्याकडे टंचाई असते, असेही सांगितले आहे. इव्हान्स-वेंट्झ याने १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीश्रद्धांच्या संकलनात आयर्लंडमधील ट्यूअम गावाच्या नगरलेखकाची एक साक्ष आहे, तीही याच जातीची. १८४६-४७ मध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि हाहाकार उडाला, तेव्हा त्या मुलखातील लोक त्याचे कारण परीलोकातील कलहात शोधत. नॉकमा टेकडीपासून गॉलवेच्या दिशेने आकाशात चाललेले परीजनांचे युद्ध आपण व आपल्यासारख्या शेकडो जणांनी पाहिले, असे एका वृद्धाने त्या नगरलेखकास सांगितले होते. त्या दुष्काळाची खरी कारणे लंडनच्या सरकारी दप्तरांत शोधावी लागतात, हे उघडच आहे. परंतु उपाशी शेतकऱ्याने आपल्या सर्वनाशाचा अर्थ लावण्यासाठी दोन अदृश्य सैन्यांची योजना करावी, यातच त्या सैन्यांच्या दराऱ्याचे रहस्य आहे. १९९९ मध्येही आयर्लंडच्याच क्लेअर परगण्यातील लाटून येथे नव्या महामार्गाच्या आड आलेले हॉथॉर्नचे झुडूप तोडू नये, कारण मन्स्टरचे परीजन कॉनॉटच्या परीजनांशी लढावयास जाताना तेथे जमतात, असे एडी लेनिहान या कथेकऱ्याने जाहीरपणे बजावले, आणि झुडूप वाचले.

परीकलह आणि पीकपाणी यांचे हे नाते शेक्सपियरला पक्के ठाऊक होते. त्याच्या नाटकात परीराजा ओबेरॉन आणि परीराणी टिटॅनिया यांच्या भांडणाने नद्या पात्र सोडतात, उभे पीक कुजते, ऋतूंचा क्रम बिघडतो. आणि एवढा अनर्थ कशासाठी, तर भारतातून आणलेल्या एका बालकाच्या ताब्यासाठी! आमच्या देशाच्या या प्रतिनिधीस त्या नाटकात एकही संवाद नाही, याची खंत येथे नोंदवून पुढे जातो.

आधुनिक लेखकांत सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांचे स्थान मी सर्वांत वरचे मानतो. ऐंशी वर्षांचे वय उलटल्यावर, मृत्यूपूर्वी एकच वर्ष, म्हणजे १९७७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘किंग्डम्स ऑफ एल्फिन’ या संग्रहात युरोपभर विखुरलेले दरबार आहेत, राण्या आहेत, मसलती आहेत. आणि पंख असूनही उडणे हे सेवकवर्गाचे काम समजून पायी चालणारे खानदानी परीजन आहेत. पळवून आणलेले मानवी मूल दरबारात लाडाकोडात वाढते आणि केस पिकू लागताच त्यास वेशीबाहेर काढले जाते. हे सर्व लेखिकेने इतक्या थंड, निर्विकार आणि विनोदी वाणीने सांगितले आहे, की त्या सौजन्यशील दरबारांची क्रूरता वाचकास पान उलटल्यानंतरच जाणवते.

एमा बुल यांची ‘वॉर फॉर द ओक्स’ ही १९८७ सालची कादंबरी शैलीने साधारण असली, तरी तिची मूळ कल्पना अस्सल आहे. मिनियापोलिस शहरातील एका गायिकेस सीली पक्ष आपल्या लढाईत ओढतो, कारण मर्त्य मनुष्य रणात हजर असल्याखेरीज अमर परीजनांस मृत्यू येऊ शकत नाही. एकाच युक्तीने माणसाचे मोल आणि त्याची असहायता दोन्ही सिद्ध झाली. पुढे जिम बुचर यांनी ‘समर नाइट’ (२००२) मध्ये उन्हाळा व हिवाळा असे दोन दरबार करून गुप्तहेरकथेचा सांगाडा त्यांवर चढवला. ते काम नेटके आहे, याहून अधिक नाही.

सारा मास यांच्या २०१५ पासून प्रसिद्ध होत असलेल्या मालिकेत तर दरबारांची संख्या सातवर गेली आहे: चार ऋतूंचे आणि तीन पहाट, दिवस व रात्र यांचे. या मालिकेस लाभलेला लोकाश्रय अफाट आहे आणि वाचकांच्या आनंदाविषयी तक्रार करण्याचा अधिकार समीक्षकास नाही. पण या राज्यांत ऋतू हा निशाणावरचा रंग होऊन बसला आहे. वसंताच्या दरबाराचा पराभव झाला, तर कोणत्या शेतात पेरणी खोळंबली, याची वार्ता कथेत क्वचितच येते. बातमी येते ती प्रेमिकांच्या मनोभंगाची.

हॉली ब्लॅक यांची कामगिरी अधिक विचारार्ह, म्हणून अधिक निराश करणारी. दर सात वर्षांनी परीजन नरकास एक खंडणी देतात आणि ती खंडणी आपणच ठरू, या भीतीने टॅम लिन आपल्या प्रेयसीकडे सुटकेची याचना करतो, हे जुन्या कथागीतातले बीज उचलून त्यांनी ‘टाइद’ (२००२) लिहिली. न्यू जर्सीच्या बकाल किनाऱ्यावर बळीचा तो जुना विधी त्यांनी खरोखर भयप्रद केला. ‘द क्रूएल प्रिन्स’ (२०१८) मध्येही प्रारंभी तीच धार आहे: आईबापांचा वध करणाऱ्या सेनानीच्याच घरी वाढलेली मर्त्य मुलगी ज्यूड, प्रत्येक घासाबरोबर विषाचा विचार करणारी. परंतु तेथून सुरू होणाऱ्या मालिकेच्या दुसऱ्या खंडाच्या अखेरीस ती विवाहाने राणी होते, आणि तेथून पुढे, जिला खंडणी भरावी लागली असती तीच वसुलीच्या बाजूस जाऊन बसल्यामुळे, कथेचा सारा जोर सिंहासन टिकवण्यावर खर्च होतो.