गंजिफेचे भिडू

दिवाळीच्या सुटीत पत्ते निघत नाहीत असे मराठी घर विरळाच. चिवड्याचा डबा अर्ध्यावर आला, पोरांचे फटाके संपले, की ओटीवर सतरंजी पडते आणि मेंढीकोटाचा डाव रंगतो. हे पत्ते कोणी केले, असा प्रश्न त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. ते यंत्रातून निघालेले असतात. परंतु ज्या पत्त्यांच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्यांदा यावा, ते पत्ते आपल्याच सावंतवाडीत अजून हाताने रंगविले जातात. मला बोलावयाचे आहे ते त्या गंजिफेविषयी. तिच्या कौतुकाविषयी नव्हे. कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि माझ्या मते त्यानेच तिचे थोडे नुकसानही केले आहे.

गंजिफा आपल्याकडे आली ती मोगलांबरोबर. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनाला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. मोगली गंजिफेत आठ रंग आणि शहाण्णव पाने. आपल्या लोकांनी ती घेतली आणि तिच्यात दशावतार आणून बसविले: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, मिळून एकशेवीस. भिडू तीन, म्हणजे प्रत्येकाच्या हातात चाळीस पाने! पाने वाटोळी आणि लहान का, याचे उत्तर कलेच्या ग्रंथांत शोधण्याआधी चाळीस पाने एका हातात धरून पाहावीत. हुकूम नाही. दिवसा रामाच्या राजाने खेळ उघडावयाचा, रात्री कृष्णाच्या. शिवाय अर्ध्या रंगांत दश्शी थोर आणि अर्ध्यांत एक्का थोर, अशी उलटापालट. म्हणजे देवाचे नाव घेत घेत स्मरणशक्तीला चांगलाच घाम फोडणारा हा खेळ.

पान तयार होते तेही घाईने नव्हे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, वर खडूचा हात द्यावयाचा, दगडाने घोटून गुळगुळीत करावयाचे, मग चित्र, आणि शेवटी लाखेचे रोगण. येथे एक बारीक गोष्ट आहे. पानाची पाठ सर्वत्र अगदी सारखी उतरली पाहिजे. एका पाठीवर डाग राहिला तर ते पान भिडूला उलट्या बाजूनेच ओळखू येईल आणि डाव फसेल. ज्या बाजूवर काहीच काढावयाचे नाही, तीच बाजू निर्दोष साधावयाची! चित्रकाराला ही शिस्त कोणी लावीत नाही. चिताऱ्याला ती खेळ लावतो.

एका सुशिक्षित गृहस्थाच्या दिवाणखान्यात मी दहा अवतारांची दहा पाने काचेच्या चौकटीत बसविलेली पाहिली. राजे होते, मत्स्य होता, परशुराम होता, कल्की घोड्यावर होता. रेषा सुबक, रंग तेजस्वी. मी विचारले, बाकीची एकशेदहा पाने कोठे? गृहस्थ हसले. “ती कोण लावणार भिंतीला? त्यांवर नुसते मासे नि कासवे!”

माझा आक्षेप नेमका येथे आहे. राजा काढणे सोपे नाही हे मान्य; पण राजाला मदत करणारे पुष्कळ असते. कथा आपल्याला ठाऊक, मुद्रा ठरलेल्या, मुकुट-दागिन्यांत डोळा रमतो. मत्स्याच्या अठ्ठीला असा कोणताच आधार नाही. रुपयाएवढ्याहून थोड्या मोठ्या वर्तुळात आठ मासे असे बसवावयाचे, की दिव्याच्या उजेडात, चाळिसांच्या पंख्यातून नुसती कड दिसली तरी भिडूने ‘अठ्ठी’ म्हणावे, ‘नव्वी’ म्हणू नये. आणि तरीही ते मासे जिवंत दिसावेत, मोजणीचे ठिपके नव्हेत. गंजिफेची खरी चित्रकला या पानांत आहे. आमची रसिकता मात्र राजाकडे पाहते आणि प्रजेला डब्यात ठेवते.

सावंतवाडीची ही विद्या बुडता बुडता राहिली, याचे श्रेय शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांना द्यावेच लागेल. छापील पत्त्यांपुढे गंजिफेचे गिऱ्हाईक कधीच हटले होते. वृद्ध चिताऱ्याच्या हातात काय ते उरले होते. या दांपत्याने ते हात जाईपर्यंत वाट पाहिली नाही. स्वतः शिकले आणि राजवाड्यातच कारागिरांना बसावयास जागा दिली. सत्त्वशीलादेवी 2018 साली निवर्तल्या, पण वाड्यातले काम चालू राहिले. रूडॉल्फ फॉन लायडन यांच्यासारख्या मुंबईत राहिलेल्या जर्मन समीक्षकाने गंजिफेचा संग्रह आणि अभ्यास केला, 1982 साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. कारागीर वाचला, संग्राहक मिळाला, अभ्यासकही मिळाला. भिडू तेवढा मिळाला नाही. मग पान हळूहळू नजरेसाठी होऊ लागते, बोटांसाठी राहत नाही. ओडिशाच्या काही गावांत म्हातारी माणसे गंजिफा खेळत आली. तिकडची खेळावयाची पाने पाहिली तर ती ठसठशीत, चार फटकाऱ्यांत उरकलेली, जवळजवळ ओबडधोबड असतात. पण त्यांत एक हुशारी असते, जी आमच्या नाजूक पानांतून ओसरत चालली आहे.

आनंद कुमारस्वामींनी 1909 साली हिंदी कारागिरावर पुस्तक लिहिले. कारागीर हा एकटा, लहरी प्रतिभावंत नव्हे. तो आपल्या समाजाच्या बांधणीतला एक दगड आहे, असे त्यांचे म्हणणे. मला ते अर्धेच पटते. त्या बांधणीत जन्माने मिळालेली जागा होती. चितारआळीबाहेरच्या मुलाला, आणि आळीतल्याही मुलीला, तीत शिरावयास वाट फारशी नव्हती. आज कुणाही घरची मुलगी ब्रश हातात घेऊ शकते, हा लाभ आहे आणि तो मी कुमारस्वामींच्या आळीसाठी सोडणार नाही. पण तिच्यामागे आळी नाही हेही खरे. ती घरच्या खोलीत एकटी बसते. कुणाच्या घोटण्याचा आवाज शेजारून येत नाही, कुणी वडीलधारा “पोरी, खळ पातळ झाली” असे म्हणत नाही. तिला स्फूर्ती कोठून मिळावी? जुन्या संचांकडे पाहावे, हे उत्तर शहाणपणाचे आहे; पण जुना संच चूक सांगत नाही.

अशी एक मुलगी माझ्या परिचयाची आहे. नाव सांगत नाही. तिला आवडणार नाही. एका दिवाळीत तिने पहिला पुरा संच केला, एकशेवीस पाने, आणि दाखवावयास आमच्याकडे आणला. सर्वांनी हातात घेऊन वाहवा केली. मी चार विद्वान शब्द बोललो. ती ओशाळून हसली, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग माझ्या आत्याबाई पुढे सरकल्या. वय ऐंशीच्या वर, लहानपणी माहेरी गंजिफा खेळलेल्या. त्यांनी पाने पाहिली नाहीत, पिसली. मला नि त्या मुलीला समोर बसविले, आठवेल तसे नियम सांगितले, काही मध्येच बदललेही! संध्याकाळ झाली होती म्हणून कृष्णाचा राजा उतरला. डाव नीट लागेना, तरी तासभर कुणी उठले नाही.

पाचव्या की सहाव्या हातास आत्याबाई थबकल्या. पान डोळ्यांजवळ नेले, लांब धरले.

“अगं, ही अठ्ठी की नव्वी? मधला मासा कडेला सरकवलास तर कळेल तरी. आणि हे पान बघ, पाठीला खरखरीत लागतंय. डोळे मिटून ओळखीन मी.”

मुलीने ते पान घेतले, पाठीवरून अंगठा फिरविला. मग पिशवीतून पेन्सिल काढून तिने समोरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक वाटोळे काढले आणि त्यात मासे मांडू लागली. “असे, आत्याजी?” “नाही. आणखी कडेला.” तिसऱ्या वाटोळ्यावर आत्याबाईंनी मान हलविली, आणि म्हणाल्या, “आता पान टाक. खेळी तुझी आहे.”