हलक्या चित्रपटांचे कोश

कोशांचीं परीक्षणें मासिकांतून सहसा येत नाहींत, आणि आलीं तरी शब्दकोश, चरित्रकोश अशा प्रतिष्ठित ग्रंथांचींच येतात. ज्या चित्रपटांस चित्रपट म्हणावयासहि कित्येक रसिक तयार नसतात, अशा स्टंटपटांच्या, भुताटकीच्या आणि थोडक्या पैशांत उरकलेल्या खेळांच्या कोशांवर आम्ही येथें चार पानें खर्चीत आहों, हें पाहून एखाद्या वाचकाच्या कपाळास आठी पडेल. ती पडो. आमची स्वतःची एक अडचण आहे व तिच्यामुळेंच आम्हांस हे ग्रंथ एकामागून एक चाळावे लागले. तेव्हां प्रथम ती सांगतों.

पहूर हें जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद मापाची छोटी गाडी येथें थांबत असे. २०२० सालीं ती बंद पडली. आमच्या लहानपणीं गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत हिंवाळ्यांत टूरिंग टॉकीजचा तंबू पडे. त्या तंबूंत आम्हीं एक खेळ पाहिला, त्याचें नांव आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. पहिलें रीळ गांवोगांवच्या यंत्रांत तुटून व पुन्हां चिकटवून इतकें आखूड झालें होतें कीं, नांवाची पाटी त्यांतून केव्हांच गळाली होती. आठवतें तें एवढेंच: गुहेंत एक दगडी पुतळा आहे, त्याचे डोळे पेटतात, तो पायऱ्या उतरून खालीं येतो, आणि एक पहिलवान त्यास डोक्यावर उचलून दरींत फेंकून देतो. भोंग्यावर ओरडणारा इसम त्यास दारासिंगाचा खेळ म्हणत होता. परंतु त्या दिवसांत तंबूच्या पडद्यावरचा प्रत्येक पहिलवान दारासिंगच असे, मग तो त्याचा भाऊ रंधावा असो कीं आझाद असो. हा खेळ कोणता, एवढाच आमचा प्रश्न. कोश हे प्रश्नांचीं उत्तरें देण्यासाठींच असतात. तेव्हां ह्या प्रश्नानें त्यांची परीक्षा घेण्यांत अन्याय होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आधीं ह्या वर्गाच्या नांवाविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत चित्रगृहें एका तिकिटांत दोन चित्रपट दाखवूं लागलीं. पहिल्याचें भाडें उत्पन्नाच्या हिश्शानें ठरे, दुसऱ्याचें ठराविक रकमेनें. आणि ज्याची प्राप्ति आधींच ठरून गेली त्यावर खर्च कोण करणार? हा जो दुसरा, तो ‘बी’ चित्रपट. आपल्याकडे एका तिकिटांत दोन खेळ ही चाल रुळली नाहीं. आपल्याकडे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ हीं अक्षरें वितरकांनीं गांवांसच लावलीं, आणि चित्रपटाची जात तो कोणत्या गांवीं चालतो ह्यावरून ठरूं लागली. भुसावळास ज्या वितरकांच्या कचेऱ्या होत्या, त्यांच्या वह्यांत पहुरासारखीं गांवें कोणत्या अक्षराखालीं असतील हें सांगावयास नको. म्हणून ह्या कोशांकडे पाहतांना आम्हांस पूर्ण तटस्थ राहतां येत नाहीं. ज्या खेळांस हे ग्रंथ हलके म्हणतात, त्यांचे प्रेक्षक आम्हीच होतों.

प्रथम आम्हीं फिरोज रंगूनवाला यांची १९७० सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेली ‘इंडियन फिल्मोग्राफी’ उघडली. तींत आरंभापासून १९६९ पर्यंतचे मूकपट व हिंदी बोलपट वर्षवारीनें दिलेले आहेत. ही नुसती यादी आहे व यादीहून अधिक कांहीं असल्याचा आव तिनें आणलेला नाहीं. पुण्याहून बी. व्ही. धारप यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ‘इंडियन फिल्म्स’ ह्या नांवाचे जे वार्षिक ग्रंथ काढले, तेहि ह्याच जातीचे व ह्याच चिकाटीचे. आणि तिसरा, ज्याच्यापुढें आमचें मस्तक खरोखर नम्र होतें, तो कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीतकोश’. १९५१ ते १९६० ह्या दशकाचा खंड १९८० सालीं निघाला, आणि मग मागचीं पुढचीं दशकें एकेक करून आलीं. काम गाण्यांच्या नोंदीचें. परंतु गाण्यांच्या निमित्तानें त्या दशकांतला प्रत्येक हिंदी चित्रपट दप्तरांत आला. ‘मदर इंडिया’ आणि ‘झिंबो’ एकाच खंडांत, एकाच आंखणीच्या रकान्यांत बसलेले पाहून आम्हांस जें समाधान झालें तें कोणत्याहि रसग्रहणानें झालें नसतें. कोणतें गाणें चांगलें हें ह्या गृहस्थांनीं एका शब्दानें सांगितलेलें नाहीं. कोणतें गाणें होतें, तें कोणीं रचलें व कोणीं गायिलें, एवढेंच सांगितलें आहे; आणि ज्या गाण्यांची आठवण ठेवणारें आज कोणी उरलेलें नाहीं, त्यांचेंहि सांगितलें आहे.

अशा कोरड्या याद्यांची थट्टा करणें सोपें आहे. तथापि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्या देशांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले आज पाहावयास मिळतील असे फारच थोडे उरले. ‘आलम आरा’ (१९३१) हा पहिला बोलपटहि उरला नाहीं. फिल्मींतली चांदी काढून विकण्यासाठीं कित्येक जुन्या चित्रपटांचीं रिळें नष्ट झालीं, व जेथें गाजलेल्यांची ही गत, तेथें स्टंटपटांस कोण विचारतो! भगवानदादांचें नांव ‘अलबेला’मुळें (१९५१) घरोघर झालें; परंतु १९३८ च्या ‘बहादुर किसान’पासून त्यांनीं गिरणीकामगारांसाठीं जे कमी खर्चाचे मारामारीचे पट काढले, त्यांतले बहुतेक आज कोठेंहि सांपडत नाहींत. अशा चित्रपटांच्या बाबतींत कोशांतली ओळ ही चित्रपटाविषयींची माहिती राहत नाहीं. ती ओळ म्हणजेच तो चित्रपट. ती चुकली तर तपासून पाहावयास मूळ शिल्लक नाहीं. चांगल्या ग्रंथाच्या परीक्षणांत चूक झाली तर ग्रंथ उभा असतो; येथें कोशकार हाच एकटा साक्षीदार आहे.

हें सर्व मान्य करूनहि आमचा पुतळा आम्हांस ह्या याद्यांत भेटला नाहीं, व भेटणें शक्यहि नव्हतें. याद्या नांवावरून चित्रपटाकडे नेतात. आमच्याजवळ नांवच नव्हतें. दहाबारा संशयित मात्र हातीं लागले. जो प्रेक्षक तंबूंत उशिरां शिरला, ज्यास वाचतां येत नव्हतें, किंवा ज्याच्या वांट्यास फाटकीं रिळें आलीं, त्यास ‘पडद्यावर काय घडलें’ एवढेंच ठाऊक असतें. अशा चित्रपटांचे खरे प्रेक्षक बहुधा हेच. तेव्हां त्यांच्या कोशांत नटांच्या नांवांइतकीच कथेस, नव्हे दृश्यांस, जागा मिळाली पाहिजे.

ती जागा आशीष राजाध्यक्ष व पॉल विलेमेन यांच्या भारतीय चित्रपटांच्या ज्ञानकोशानें (१९९४, सुधारून १९९९) दिली आहे. ‘हंटरवाली’ (१९३५) आणि तिची नायिका नादिया यांचा विचार त्यांनीं इतर कोणत्याहि चित्रपटाइतक्याच गांभीर्यानें केला आहे. होमी वाडियांच्या ह्या चित्रपटाची त्या काळच्या सुशिक्षितांनीं उपेक्षा केली, आणि लोकांनीं महिनेच्या महिने गर्दी केली. त्या गर्दीस अर्थ होता हें विद्वानांनीं मान्य करावयास साठ वर्षें लागलीं. परंतु हा कोश निवडीचा आहे. निवड आली कीं पुतळे गळतात.

निवड न करतां दृश्यें सांगणारा कोश आम्हांस मिळाला तो परदेशीं. मायकेल वेल्डन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीवर रात्रीं-अपरात्रीं लागणाऱ्या हलक्या चित्रपटांचें हातानें लिहिलेलें एक टिपण काढावयास आरंभ केला, व त्यांतून १९८३ सालीं ‘सायकोट्रॉनिक एन्सायक्लोपीडिया ऑफ फिल्म’ हा तीन हजारांहून अधिक चित्रपटांचा ग्रंथ निघाला. नांवांतला तो अगडबंब शब्दहि अशाच एका स्वस्त चित्रपटाच्या नांवावरून उचललेला आहे. वेल्डनची नोंद दहाबारा ओळींची: साल, करणारे, नट, आणि मग काय दिसतें तें. कोणता राक्षस, कोठून येतो, कोणास खातो. तारे नाहींत, गुण नाहींत, नाक मुरडणें क्वचित्. असा माणूस आमच्या तंबूंत बसला असता तर पुतळ्याची नोंद खास झाली असती. परंतु तो बसला नव्हता. अमेरिकेंत जें पोंचलें तें त्यानें पाहिलें, आणि भारतास त्याच्या पुस्तकांत जवळजवळ स्थानच नाहीं. ही उणीव पीट टूम्ब्स यांच्या ‘मोंडो मकाब्रो’नें (१९९७) कांहींशी भरून काढली व रामसेबंधूंचे भयपट पाश्चात्त्य वाचकांपुढें मांडले.

ह्याच्या अगदीं उलट टोंकास मेडवेड बंधूंचें ‘गोल्डन टर्की ॲवॉर्ड्स’ (१९८०) हें पुस्तक बसतें. सर्वांत वाईट चित्रपट, सर्वांत वाईट दिग्दर्शक अशीं बक्षिसें वांटून त्यांनीं मृत झालेल्या एड वुडची धिंड काढली. पुस्तक खपलें, आणि त्यांतून गंमत अशी झाली कीं एड वुडच प्रसिद्धीस आला. आमचा आक्षेप थट्टेस नाहीं. ह्या लेखकांनीं आपल्या पुस्तकांत एक मुळांत नसलेला चित्रपट मुद्दाम घुसडला व तो ओळखण्याचें वाचकांस आव्हान दिलें, हा आमचा आक्षेप. ज्या चित्रपटांचा साक्षीदार कोशकार हाच, तेथें साक्षीदारानें गंमत म्हणून एक खोटी साक्ष द्यावी, आणि तीहि ऐकणारे हंसतच आहेत ह्या भरंवशावर! ‘हे चित्रपट म्हणजे कांहीं खरे चित्रपट नव्हेत’ असें मनांत असल्यावांचून हें धाडस होत नाहीं. आपल्याकडे कांति शहांच्या ‘गुंडा’सारख्या (१९९८) चित्रपटाभोंवतीं जो सुशिक्षित भक्तांचा मेळा जमला आहे, त्याच्या हंसण्यांतहि हाच सूर आम्हांस ऐकूं येतो. तो चित्रपट लहान गांवांत कोणीं, कां पाहिला, हें त्यांतल्या कोणास विचारावेंसें वाटलेलें नाहीं.

मात्र भक्तीचा उलटा दोषहि आहे. हलकें म्हणून हिणविलेल्यावर प्रेम बसलें कीं कोशकार त्याचे अपराध झांकूं लागतो. ‘पुराना मंदिर’च्या (१९८४) यशानंतर जी भयपटांची लाट आली, तिच्यांतल्या पुष्कळ चित्रपटांत भुतापेक्षां स्त्रीच्या विटंबनेवरच तिकिटें विकलीं गेलीं. तेथें ‘मसाला’ किंवा ‘मौज’ असा शब्द घालून पुढें जाणारा कोश खोटा. जें आहे तें स्पष्ट लिहावें, चवीनें लिहूं नये, आणि लाजून गाळूंहि नये. हा तोल सांभाळणारी नोंद आम्हांस ह्या सर्व पुस्तकांत फारच थोड्या ठिकाणीं दिसली.

आतां घराकडे येतों. गिरणेच्या कांठीं, खान्देशच्या शिवेवर, मालेगांव आहे. तेथें नासिर शेख यांनीं २००० सालीं ‘मालेगांव के शोले’ काढला. खर्च सुमारें पन्नास हजार रुपये सांगतात. नट यंत्रमागावरचे व दुकानांतले, पडदा व्हिडिओ पार्लरचा, प्रेक्षक शुक्रवारीं माग बंद ठेवणारे कामगार. फैजा अहमद खान यांनीं ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ हा माहितीपट केला, २०२४ सालीं रीमा कागती यांनीं त्याच मंडळींवर मोठा चित्रपट काढला, आणि मालेगांवचें नांव दूरवर गेलें. परंतु नांव झालें तें एकदोन चित्रपटांचें. त्या गांवानें काढलेले बाकीचे खेळ, त्यांच्यामागून आलेले खान्देशी विनोदाचे खेळ, एस्टीच्या थांब्यावर आणि आठवड्याच्या बाजारांत ज्यांच्या तबकड्या विकल्या गेल्या ते अहिराणी गाण्यांचे व तमाशाच्या ढंगाचे खेळ, ह्यांची यादी आम्हांस कोणत्याहि ग्रंथांत आढळली नाहीं. रीळ निदान शंभर वर्षें टिकूं शकतें; ह्या तबकड्या वीस वर्षांत वाचेनाशा होतात, आणि त्या चालविणारीं यंत्रेंहि घरांतून गेलीं. करणारे मात्र अजून हयात आहेत. कोणत्या कॅमेऱ्यानें चित्रण केलें, कोणाची मोटारसायकल वापरली, खलनायकाची दाढी कोणीं चिकटवली, हें विचारलें तर सांगतील. हमराजांची आंखणी आणि वेल्डनची नजर घेऊन एखाद्या महाविद्यालयांतल्या चार मुलांनीं दोन उन्हाळे खर्च केले तर हें काम होण्यासारखें आहे, असा आमचा हिशेब आहे. रसिकांची परवानगी त्यास लागत नाहीं.

पुतळ्याचा शोध अजून लागलेला नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत गांवांतल्या एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं विचारलें. ते आमच्याहून मोठे, तंबूचे नित्याचे गिऱ्हाईक. खेळ त्यांस लख्ख आठवत होता. पण त्यांच्या मतें पुतळा दगडी नव्हता, लोखंडी होता, आणि पहिलवानानें त्यास दरींत फेंकला नाहीं. पुतळ्यानेंच पहिलवानास फेंकलें, व पुढचें रीळ त्या रात्रीं आलेंच नाहीं. आम्हीं दोन्ही हकीगती वहींत लिहून घेतल्या आहेत, आणि शेजारीं त्या दहाबारा संशयितांचीं नांवें.