वरचें भाडें आणि खालचा रस्ता

वाईट पुस्तक मिटून ठेवतां येतें, कंटाळवाणें नाटक अर्ध्यावर सोडून उठतां येतें. परंतु वाईट इमारत शहरवासीयांना रोज पाहावीच लागते. म्हणून वास्तुकलेच्या टीकाकारानें रस्त्यानें चालणाऱ्या माणसाची बाजू आधीं मांडली पाहिजे. लंडनमधील '२० फेनचर्च स्ट्रीट' ही कचेऱ्यांची इमारत या दृष्टीनें तपासण्याजोगी आहे.

राफाएल विन्योली या वास्तुशिल्पज्ञानें योजलेली ही १६० मीटर उंचीची इमारत २०१४ सालीं पुरी झाली. बहुतेक मनोरे वर निमुळते होत जातात. हा मात्र वर रुंदावत जातो, आणि त्यावरूनच लोकांनीं त्याला 'वॉकी-टॉकी' हें नांव ठेवलें. या आकाराचें रहस्य सौंदर्यशास्त्रांत शोधूं नये. वरच्या मजल्यांवरून दूरचा देखावा दिसतो, म्हणून त्यांना भाडें अधिक. आणि भाडें अधिक, म्हणून तेथेंच जागाहि अधिक! जमाखर्चाच्या वहींतला हिशेबच येथें काचेंत उभा केला आहे.

त्याची झळ रस्त्याला बसली, आणि तीहि अक्षरशः! २०१३ सालीं बांधकाम चालू असतांना दक्षिणेकडील अंतर्वक्र काचांनीं सूर्यकिरण एकवटून खालीं फेंकले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मोटारीचे कांहीं भाग वितळले. लास व्हेगास येथील याच शिल्पज्ञाच्या एका हॉटेलाबद्दल २०१० सालीं अशीच तक्रार झाली होती. तेव्हां याला निव्वळ अपघात म्हणवत नाहीं. पुढें काचांवर आडव्या पट्ट्या बसवून ऊन आवरावें लागलें.

माथ्यावरील 'स्काय गार्डन' लोकांना विनामूल्य पाहतां येतें आणि तेथून दिसणारा थेम्सचा देखावा मनोहर आहे, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. इतर उंच इमारतींच्या समूहापासून दूर हा मनोरा उभारूं द्यावा, यासाठीं याच उद्यानाचा दाखला देण्यांत आला होता. परंतु जेथें सामान्यतः आधीं वेळ ठरवून आणि तपासणी होऊन जावें लागतें, त्याला सार्वजनिक उद्यान म्हणणें कठीण आहे. उद्यानांत वाट चालतां चालतां सहज वळतां आलें पाहिजे.

२०१५ सालीं या इमारतीला कुरूपतेबद्दलचा 'कार्बंकल कप' मिळाला. आमच्या मतें कुरूपता हा तिचा मुख्य दोष नव्हे. तिच्या वक्ररेषांत कौशल्यहि आहे. दोष हा कीं, जमिनीवर व्यापली त्याहून अधिक जागा तिनें आकाशांत व्यापली, आणि ज्यांचें तें आकाश होतें त्यांना मात्र वेळ ठरवून वर बोलावलें.