अश्वविक्रयाची भाषा

समुद्रपुराहून सारंगखेडे पुष्कळ दूर. तथापि तापीकाठच्या त्या दत्तयात्रेत विक्रीस येणाऱ्या घोड्यांच्या जाहिराती हल्ली घरबसल्या वाचावयास मिळतात. त्यांत शब्दांची जी हेळसांड चालते, ती वाचकांच्या नजरेस आणणे आम्हांस अवश्य वाटते.

पांढरे जनावर दिसले की तो ‘नुकरा’! वस्तुतः नुकरा जन्मतःच पांढरा असून त्याची कातडी गुलाबी असते. सब्जा काळसर जन्मतो व वयाबरोबर पांढरा होत जातो. कातडी मात्र काळीच राहते. नाकपुड्यांभोवती पाहिले तरी हा भेद कळतो. नुकऱ्याचे दाम मोजून ज्याने वयस्क सब्जा घरी आणला, त्यास ही पंडिती कुरकुर खास वाटणार नाही.

‘पंचकल्याणी’ची तीच दशा. चारही पाय व तोंडावरील पट्टा पांढरा, ही त्या शब्दाची अट. जाहिरातदार दोन पायांवर भागवितात. कानांची टोके आत वळली की ‘अस्सल मारवाडी’. काठेवाडी घोड्याचेही कान तसेच वळतात, याची वाच्यता कोण करतो? पाचव्या वर्षी घोड्याचे दात पुरे होतात, तरी त्यापुढच्या घोडीसही ‘बछेरी’ म्हणण्यास कोणी कचरत नाही.

‘शौकिनांनीच विचारावे’ हे वाक्य तर आम्हांस असह्य होते. गिऱ्हाइकाच्या शौकाची परीक्षा, आणि जनावराचे वय, उंची, दात यांविषयी अक्षर नाही! ‘घोडी शांत’ एवढ्यावर मुलांसाठी ती घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाने, ती कोणाच्या हाती शांत असते, हे आधी विचारून घ्यावे.