वेठमुक्ती आणि साम्यवादी विचार : 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाच्या आधारे एक चिकित्सा

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत साम्यवादाची चर्चा बहुधा 'गुण' आणि 'दोष' अशा दोन रकान्यांत केली जाते. समतेचा आग्रह, शोषणाला विरोध हे एका बाजूला. हिंसा, एकपक्षीय हुकूमशाही, व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच हे दुसऱ्या बाजूला. या पद्धतीने रकाने भरतात, परंतु एकच विचार एका ठिकाणी मुक्तिदायी आणि दुसऱ्या ठिकाणी बंधनकारक कसा ठरतो, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाच्या आधारे केला आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाकडे आजवर चळवळीचा इतिहास किंवा अनुभवकथन म्हणून पाहिले गेले. एका राजकीय विचाराची साक्ष म्हणून त्याचे वाचन त्यामानाने कमी झाले आहे.

ग्रंथाचे शीर्षकच विचारात घेण्याजोगे आहे. लेखिका निष्ठावंत मार्क्सवादी. पण शीर्षकात 'वर्ग' नाही, 'कामगार' नाही, 'क्रांती'ही नाही. आहे तो 'माणूस', आणि तोही एकवचनी. सिद्धान्ताच्या परिभाषेत न बसणारा हा शब्द लेखिकेने निवडला, कारण ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांत तिने जे पाहिले ते वर्गजाणिवेच्या आधीच्या पायरीवरचे होते. ज्याला आपण माणूस आहोत हे म्हणण्याचीच सोय नाही, त्याच्याशी वर्गाची भाषा कशी बोलणार?

वारल्यांची तत्कालीन स्थिती सर्वज्ञात आहे, तथापि तिचा थोडक्यात निर्देश आवश्यक आहे. एके काळी स्वतःची जमीन कसणारा हा समाज सावकार आणि जमीनदार यांच्या कर्जव्यवहारात भूमिहीन किंवा खंडकरी बनला. जमीनदाराच्या शेतावर विनामूल्य राबणे, म्हणजे वेठ, हा रिवाज झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराचे बांधील होत. त्यांना 'लग्नगडी' असे नाव होते. हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीविषयी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात वेठीची नोंद आहे. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४० साली स्थापन झालेले आदिवासी सेवा मंडळही जिल्ह्यात काम करीत होते. म्हणजे माहिती होती, करुणा होती, शाळा-वसतिगृहांचे प्रयत्नही होते. वेठ मात्र चालूच होती.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची प्रांतिक परिषद झाली. तेथे काही वारली आले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची स्वतःची परिषद भरली. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही, असे तेथे ठरले. नंतर गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये अशी मागणी पुढे आली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही. जमिनीची जप्ती नाही, सत्तेचा ताबा नाही. केलेल्या कामाचे दाम मिळावे, एवढेच. तरीही काही आठवड्यांत लग्नगडी मोकळे झाले, आणि ते वारल्यांनीच गावोगाव जाऊन केले. पुढाऱ्यांनी आखलेल्या वेळापत्रकाची वाट त्यांनी पाहिली नाही.

येथे साम्यवादी विचाराचे खरे सामर्थ्य दिसते. स्वतः गोदावरीबाई भारत सेवक समाजातून आलेल्या. सेवेची परंपरा त्यांना आतून परिचित होती. सेवाभावी दृष्टीला वारल्याचे दारिद्र्य हे त्याच्या अज्ञानातून, व्यसनातून, अंधश्रद्धेतून आलेले दिसे. उपाय अर्थातच त्याला सुधारण्याचा. मार्क्सवादाने दोषाची जागा बदलली. दोष माणसात नसून दोन माणसांमधील आर्थिक संबंधात आहे, असे त्याने सांगितले. ऋण फेडलेच पाहिजे ही वारल्याची नीती होती. ती त्याला बांधून ठेवणारी बेडी झाली होती. हे ऋण कितीदा फिटले याचा हिशेब मांडायला शिकवणे, हे काम दयेने झाले नव्हते. ते एका विश्लेषणाने केले. अहवालातील वस्तुस्थिती आणि झरीचा ठराव यांतील अंतर कापण्याची शक्ती या विचारात होती, हे त्याच्या कडव्या विरोधकालाही मान्य करावे लागेल.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार झाला. गोदावरीबाईंच्या नावाने खोटा निरोप पसरवून वारल्यांना तेथे जमवण्यात आले होते. जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जणांचा बळी गेला. त्यांत जेठ्या गांगड होता. परुळेकर दांपत्यावर हद्दपारीचे हुकूम बजावले गेले. संप मात्र मोडला नाही.

तथापि ज्या ठिकाणी विचार यशस्वी होतो, तेथेच त्याच्या मर्यादाही दिसू लागतात. वारली हा मार्क्सच्या अर्थाने सर्वहारा नव्हता. स्वतः मार्क्सने १८८१ साली व्हेरा झासुलिच हिला लिहिलेल्या उत्तरात आपल्या ऐतिहासिक अनिवार्यतेचे क्षेत्र पश्चिम युरोपपुरते मर्यादित असल्याचे म्हटले होते. भारतीय साम्यवाद्यांनी ही सावधगिरी फारशी मनावर घेतली नाही. त्यामुळे आदिवासीचे जंगलाशी असलेले नाते, त्याचे देव, त्याची सामूहिकता यांना सिद्धान्तात स्वतंत्र जागा मिळाली नाही. 'मागासलेपणाचे अवशेष' या सदरात ती गेली. लेखिकेची नजर सिद्धान्तापेक्षा मोठी आहे, म्हणून ग्रंथात हे जग जिवंतपणे येते. पण ते येते ते ओलांडायची पायरी म्हणून.

जातीच्या बाबतीत हीच उणीव अधिक ठळक झाली. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तेथे मज्जाव होता. गिरणी कामगार युनियनने १९२८ चा प्रदीर्घ संप लढवला, पण या मज्जावाला हात घातला नाही, हा डॉ. आंबेडकरांचा आक्षेप होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी एकत्र आले, हेही नोंदवले पाहिजे; परंतु मूळ प्रश्न तसाच राहिला. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील भाषणात बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तेव्हा त्यांनी मार्क्सचे दुःखनिदान नाकारले नाही. त्यांचा आक्षेप मार्गावर होता : बळाने आणलेली समता बळ दूर होताच टिकेल काय?

हा प्रश्न काल्पनिक नव्हता. झरीला वेठीविरुद्ध ठराव होत होता, त्याच वर्षांत ज्या देशाकडे लाल बावट्याचे कार्यकर्ते आदर्श म्हणून पाहत होते तेथील खेड्यांत काय चालले होते, हे तपासणे उद्बोधक ठरते. डिसेंबर १९३२ मध्ये सोव्हिएत संघात अंतर्गत पासपोर्टची पद्धत सुरू झाली. सामुदायिक शेतीवरील बहुसंख्य शेतकऱ्यांना हा पासपोर्ट मिळत नसे, आणि त्यावाचून गाव सोडून शहरात स्थायिक होता येत नसे. १९७४ च्या निर्णयानंतरच तो त्यांना सर्रास मिळू लागला. मजुरी 'श्रमदिना'च्या हिशेबाने लावली जाई. धान्याचा सरकारी वाटा आधी उचलला जाई आणि उरेल त्यातून वाटणी होई. ती किती होईल याची हमी नव्हती. १९३९ साली श्रमदिनांची किमान संख्या सक्तीची झाली. १९४८ च्या हुकमाने कामात कसूर करणाऱ्यांना दूरच्या प्रदेशात हद्दपार करण्याची तरतूद झाली. तत्पूर्वी १९३२-३३ च्या दुष्काळात, धान्यवसुली चालूच ठेवल्याने, लक्षावधी माणसे मेली होती. रशियन शेतकऱ्याने पक्षाच्या नावाच्या आद्याक्षरांचा उपहासाने 'दुसरी भूदासता' असा अर्थ लावला होता. पहिली भूदासता १८६१ साली झारने रद्द केली होती.

गाव सोडता येत नाही, कामाचे दाम ठरलेले नाही, चुकारपणाला हद्दपारी : या तीन गोष्टी डहाणूच्या जमीनदाराच्या वाड्यावर आढळल्या असत्या तर गोदावरीबाईंनी त्यांना वेठ याच नावाने ओळखले असते. तेथे मात्र मालक जमीनदार नव्हता, राज्यसंस्था होती. आणि खाजगी मालकी संपली की शोषण संपले, असे सिद्धान्त सांगत होता. म्हणून ही वेठ दिसली नाही. भारतातील प्रामाणिक कार्यकर्त्यांच्या डोळ्यांवर ही पट्टी कोणी बाहेरून बांधली नव्हती. शोषणाची जी व्याख्या डहाणूत प्रकाश देत होती, तीच व्याख्या सोव्हिएत खेड्याकडे पाहताना अंधार करीत होती.

यावर नेहमीचे उत्तर असे की, दोष स्टालिनचा, विचाराचा नव्हे. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनवर लिहिताना मार्क्सने लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याच्या अधिकाराचे स्वागत केले होते. म्हणजे सत्तेवर अंकुशाची कल्पना त्याला परकी नव्हती. रोझा लक्झेंबुर्गने १९१८ सालीच बोल्शेविकांना मतभेदाच्या स्वातंत्र्याविषयी सावध केले होते. परंतु संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये बरखास्त झाली आणि पक्षांतर्गत गटांवर मार्च १९२१ मध्ये बंदी आली, ती लेनिनच्या हयातीत. जाणीव कामगाराला बाहेरून द्यावी लागते हा लेनिनचा १९०२ मधील सिद्धान्त येथे निर्णायक ठरतो. माणसाला जागे करण्याचे काम पक्षाचे, हे एकदा मान्य केले की जागा झालेला माणूस पक्षाला 'नाही' म्हणाला तर काय, या प्रश्नाला जागाच उरत नाही. तो अद्याप झोपेत आहे किंवा शत्रूला फितूर झाला आहे, एवढीच दोन स्पष्टीकरणे शिल्लक राहतात.

डहाणू-तलासरी परिसरात याचे लहानसे प्रतिबिंब पुढे दिसले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच भागात कष्टकरी संघटना उभी राहिली. आदिवासींच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या या संघटनेशी मार्क्सवादी पक्षाचे संबंध कडवट राहिले, प्रसंगी हाणामारीपर्यंत गेले. जमीनदाराशी लढताना जे एकमुखीपण बळ देते, ते दुसरा आदिवासी दुसरे काही म्हणू लागला की अडसर होते.

मग भारतात या विचाराची परिणती सोव्हिएतसारखी का झाली नाही? केवळ कार्यकर्त्यांच्या सज्जनपणाने, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शामराव परुळेकर १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी केरळात नंबुद्रिपाद यांचे सरकार आले. ३१ जुलै १९५९ रोजी ते केंद्राने बडतर्फ केले, आणि तरीही साम्यवाद्यांनी निवडणुकीचा मार्ग सोडला नाही. भूसुधारणांचे काम पुढे नेता आले ते यामुळेच. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासूनच्या 'ऑपरेशन बर्गा'ने बटाईदारांची नोंद झाली. त्याच राजवटीत १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राम येथे जमीन वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन १४ जण मेले. तलवाड्याशी तुलना टाळता येत नाही. फरक इतकाच, की २०११ साली मतदारांना ती राजवट घालवता आली. ज्या उदारमतवादी संस्थांना साम्यवाद 'बुर्झ्वा' म्हणून हिणवीत आला, त्यांनीच त्याचे गुण सांभाळले. अर्थात या संस्थांचेही फार गोडवे गाण्याचे कारण नाही : शामरावांचा मृत्यू १९६५ साली झाला तो लोकशाही शासनाच्या स्थानबद्धतेत.

वारल्यांचा हा प्रदेश २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू विधानसभा मतदारसंघातून २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत मार्क्सवादी पक्षाचा उमेदवार विजयी झाला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या किसान मोर्चात आदिवासींची संख्या मोठी होती. २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी व्हावी, कसत असलेली वनजमीन आपल्या नावावर व्हावी, ही त्यांची प्रमुख मागणी होती. खाजगी मालमत्तेच्या विसर्जनाचे ध्येय असलेल्या बावट्याखाली हजारो माणसे अनवाणी पायांनी चालत आली ती सातबाऱ्यावर स्वतःचे नाव लागावे म्हणून. या विसंगतीची दखल साम्यवादाच्या मराठी भाष्यकारांनी अजून पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही.