आडनावाची व्युत्पत्ती आणि पितृवंशाचा जैव पुरावा

उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'साइक' म्हणजे माळरानातील लहान ओढा. अशा ओढ्याकाठी राहणाऱ्यास 'साइक्स' हे नाव पडले. ओढे पुष्कळ, तेव्हा ह्या नावाचे मूळपुरुषही पुष्कळ असले पाहिजेत, असा अभ्यासकांचा तर्क होता. स्थलवाचक नामांविषयी भाषाभ्यासक नेहमी असाच तर्क करतात आणि वरवर पाहता तो निर्दोष वाटतो. ब्रायन साइक्स व कॅथरिन अर्व्हन ह्यांनी २००० साली 'अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधाने ह्याच तर्कास आव्हान दिले. (निबंधकारांपैकी एकाचे आडनाव आणि निबंधाचा विषय एकच असावा, हा योगायोग अर्थातच नव्हे.)

पद्धती साधी आहे. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. इंग्लंडात सुमारे सातशे वर्षे आडनावही त्याच वाटेने चालत आले आहे. साइक्स आडनावाच्या पुरुषांच्या ह्या गुणसूत्रावरील चार खुणा तपासल्या असता जवळजवळ निम्म्या पुरुषांत एकच नमुना आढळला. तो नमुना त्याच प्रदेशातील अन्य पुरुषांत आढळला नाही आणि एकंदर ब्रिटनमधील तुलनागटातही आढळला नाही. ह्यावरून आज हयात असलेल्या साइक्स कुळांचा मूळपुरुष एकच असावा, असा निष्कर्ष लेखकद्वयाने काढला. उरलेल्या निम्म्यांचे काय? सातशे वर्षांत पिता-पुत्रांची जैव साखळी अधूनमधून तुटत गेली असे मानल्यास त्यांचा उलगडा होतो, आणि तसे मानल्यास हे प्रमाण दर पिढीस सरासरी १.३ टक्के येते.

ह्या युक्तिवादातील 'तसे मानल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मूळपुरुष एकच होता हे गृहीत धरले तरच वेगळ्या नमुन्याचा प्रत्येक पुरुष तुटलेल्या साखळीचा साक्षीदार ठरतो. मूळपुरुष अनेक असतील, तर त्यांतील कित्येकांची साखळी कधी तुटलेलीच नाही. ते दुसऱ्याच ओढ्याकाठचे साइक्स होत. म्हणजे १.३ टक्के हा आकडा एकमूलत्वाच्या निष्कर्षावर उभा आहे. त्या निष्कर्षाचे समर्थन त्याच्याकडून होऊ शकत नाही. साखळी तुटण्यास जी संज्ञा वापरली जाते तीही सदोष आहे. 'पितृत्वाभाव' म्हटले की वाचकाच्या मनात व्यभिचार येतो. परंतु दत्तक घेतलेला मुलगा, सावत्र बापाचे नाव लावणारा मुलगा, विवाहबाह्य संततीस मिळालेले आईचे आडनाव, वारसा मिळावा म्हणून बदललेले नाव, हे सारे त्याच एका रकान्यात पडतात. ह्या घटना जैव नाहीत. त्या नामकरणाच्या आहेत, आणि त्यांचा पुरावा दस्तऐवजांतच शोधावा लागतो.

ह्या निबंधाची खरी कसोटी २००९ साली लागली. लेस्टर विद्यापीठातील तुरी किंग व मार्क जॉबलिंग ह्यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे नमुने अभ्यासिले. नाव जितके विरळ, तितके त्या नावाच्या पुरुषांचे रक्तसंबंध दाट, असे त्यांस सर्वसाधारणपणे दिसले. सरासरी ६२ टक्के नमुने एकवंशीय गटांत बसले; मात्र नावागणिक हे प्रमाण शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत बदलत गेले. इथवर साइक्स ह्यांच्या मतास पुष्टीच मिळते. पुढील भाग मात्र त्या मताचा पाया खचवणारा आहे. कोणाला पुष्कळ मुलगे होतात, कोणाला एकही होत नाही; पिढ्यान्‌पिढ्या हे चालू राहिले की आरंभीच्या अनेक वंशांतील बहुतेक वंश आपोआप लुप्त होतात आणि एखादाच फोफावतो. साहजिकच आज एकच नमुना प्रबळ दिसला म्हणून आरंभी एकच मूळपुरुष होता असे सिद्ध होत नाही. आजच्या चित्रावरून सातशे वर्षांपूर्वीच्या मूळपुरुषांविषयी विश्वसनीय असे फारसे काही सांगता येत नाही, हे त्या दोघांनी स्पष्टपणे नमूद केले आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यांच्या निबंधातील सर्वांत मोलाचे वाक्य मात्र वेगळेच आहे. नाव व्यवसायावरून पडले, स्थळावरून पडले की पित्याच्या नावावरून, ह्याचा गुणसूत्रांतील वैविध्यावर कोणताही परिणाम आढळला नाही. ज्या वर्गीकरणावर नामकोशांची सारी मांडणी उभी असते, त्याचा रक्तात मागमूस नाही! ह्यावरून वर्गीकरण खोटे ठरत नाही. नाव कसे पडले आणि ते धारण करणाऱ्यांपैकी कोण टिकले, हे दोन निराळे प्रश्न आहेत. चाचणी केवळ दुसऱ्याचे उत्तर देते. व्युत्पत्तीवरून मूळपुरुषांची संख्या ठरवणारे कोशकार आणि गुणसूत्रावरून ती ठरवणारे जीवशास्त्रज्ञ ह्यांनी हा भेद सारखाच विसरला. जॉर्ज रेडमंड्स, किंग व डेव्हिड हे ह्यांनी २०११ साली एकत्र लिहिलेल्या ग्रंथात स्थानिक दस्तऐवज आणि चाचणी ही साधने शेजारी ठेवली आहेत. वाट आहे ती हीच.

मराठी आडनावांना ही पद्धती लावण्याची हौस आपल्याकडेही उत्पन्न होईल. त्यापूर्वी इथली सामग्री कशी आहे ते पाहिले पाहिजे. अनेक कुटुंबांत आडनाव स्थिर झाले ते ब्रिटिश अमदानीतील शाळा-कचेऱ्यांच्या नोंदींमुळे. सातशे वर्षांची मोजपट्टी त्यांना लावता येत नाही. जाधव, पवार, मोरे ही नावे अनेक जातींत आढळतात. एकाच गावच्या निरनिराळ्या जातींची कुटुंबे गावावरून एकच 'कर'प्रत्ययान्त नाव लावतात. उलट एकाच घराण्याची एक शाखा वतनामुळे कुलकर्णी होते आणि गाव सोडून गेलेली दुसरी शाखा जुन्या गावाचे नाव लावते. आडनाव समान असलेल्या पुरुषांचेच नमुने गोळा करणाऱ्या संशोधकाच्या हाती ह्या दोन शाखा एकत्र कधीच येणार नाहीत.