वरदिया आंबोलीएन्सिस : नाव मिळालं, पत्ता राहिला

रिसर्चची तयारी करताना एक तरी टॅक्सॉनॉमीचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, असं मी नेहमी सांगते. तुमचा विषय इकॉलॉजी असो की बायोकेमिस्ट्री. या पेपरमध्ये प्रत्येक विधानामागे पुरावा काय, हे उघड दिसतं. आणि तो पुरावा कुठे संपतो, हेही दिसतं. आजचा पेपर त्यासाठी चांगला आहे. २०२१ साली 'युरोपियन जर्नल ऑफ टॅक्सॉनॉमी'मध्ये अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या आंबोलीची एक सेमी-स्लग जगासमोर आणली. नुसती नवी प्रजाती नाही, तर तिच्यासाठी जीनसही नवा केला : वरदिया. हे नाव सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्यावरून दिलेलं आहे.

आधी शब्द पक्के करू. शंखी गोगलगाय संकट आलं की अंग शंखात ओढून घेते. शेंबडी गोगलगाय, म्हणजे स्लग, हिला बाहेर दिसणारा शंखच नसतो. सेमी-स्लग या दोघींच्या मधली. शंख असतो, पण इतका लहान की अख्खं अंग त्यात मावत नाही. त्यामुळे पाणी धरून ठेवायला ओलसर जागा हाच तिचा मुख्य आधार.

आता पेपरची जमेची बाजू. भारतातल्या जमिनीवरच्या गोगलगायींचं जुनं ज्ञान बरंचसं शंखांवर उभं आहे. ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मधला खंड १९०८ चा, तो आजही उघडावा लागतो. त्यांनी स्लगकडे दुर्लक्ष केलं असं नाही. पण गोळा करण्यातच एक कल असतो. शंखी गोगलगाय मेली तरी शंख पालापाचोळ्यात पडून राहतो, उन्हाळ्यातही सापडतो. स्लग मेली की मागे काही उरत नाही. अल्कोहोलमध्ये ठेवली तर आक्रसते, रंग जातो. मग दोन नमुने एकच की वेगळे, हे बाहेरून ठरवणं अवघड.

म्हणून असा पेपर शंखावर थांबत नाही. आतली प्रजनन-इंद्रियं उघडून पाहिली जातात आणि जोडीला डीएनएवरून नातेसंबंधाचं झाड बांधलं जातं. वरदियाच्या पेपरची ताकद इथेच आहे. नवा जीनस करणं ही मोठी गोष्ट. 'वेगळी दिसते' एवढ्यावर ती केली तर पुढचा अभ्यासक ती मोडून टाकतो. इथे दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे हातात हात घालून येतात. तुमच्या थिसिसमध्येही हेच लागणार आहे : एकच निष्कर्ष, पण त्याकडे नेणाऱ्या दोन स्वतंत्र वाटा.

आता माझी तक्रार. ती पेपरपेक्षा आपल्या वाचण्यावर जास्त आहे.

अशी बातमी आली की आपण लगेच म्हणतो, 'दुर्मीळ प्रजाती, हिचं संवर्धन झालं पाहिजे.' पण 'नवीन' म्हणजे 'दुर्मीळ' नव्हे. नवीन याचा अर्थ एवढाच की आजवर कोणी नाव दिलं नव्हतं. दुर्मीळ ठरवायला वेगळी माहिती लागते : एका चौरस मीटर पाचोळ्यात किती सापडतात, काय खातात, अंडी कधी नि कुठे घालतात, आठ महिने पाऊस नसताना कुठे दडून बसतात. वर्णनाच्या पेपरचं हे काम नाही. त्याचं काम ओळख पटवण्याचं. ओळख पटली, पण पत्ता राहिला, आणि पत्ता शोधणाऱ्या कामाला आपल्याकडे मान कमी. सलग दोन वर्षं टॉर्च घेऊन पावसात फिरलेल्या माणसाच्या नोंदींपेक्षा एक नवी प्रजाती बायोडेटावर जास्त उठून दिसते.

पत्त्यानं काय फरक पडतो, याचं उदाहरण आंबोलीतच आहे. २०२० साली हिरण्यकेशी मंदिराच्या परिसरातल्या पाण्यातून शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा जाहीर झाला. त्या पेपरच्या लेखकांतही तेजस ठाकरे आहेत. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. माशाचं घर दाखवता आलं, म्हणून सीमा आखता आली. त्याच गावच्या सेमी-स्लगसाठी सीमा कुठे आखायची? झाडाखाली, रस्त्याच्या कडेला, की अख्ख्या डोंगरावर? हे नॅचरल हिस्टरीशिवाय सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, राहात्याच्या मुलीला आंबोलीचं काय पडलंय? तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडे टँकरची वाट बघण्याइतका. पण गोदावरीच्या कालव्याखालच्या ओलिताच्या शेतीत आणि पेरूच्या बागांत ओलावा असतो, आणि जिथे ओलावा तिथे गोगलगायी. बागा, नर्सरी, मोरीच्या कडा इथे दिसणारी काळपट, चामड्यासारखी, पाठीवर फिकट रेघ असलेली स्लग बहुधा लेव्हिकॉलिस आल्टे असते. ती मूळची आफ्रिकेची मानली जाते. जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीचा पाय आणि गोळा होऊ शकणारं अंग यामुळे ती कोरड्या भागातही टिकते. ती उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची मध्यस्थ यजमान आहे, म्हणून उघड्या हातानं उचलू नका.

तिच्यावर आणि शंखी गोगलगायीवर लिहिलेलं वाचायला घ्या. जवळपास सगळं 'नियंत्रण' या एकाच मथळ्याखाली : ओली गोणपाटं पसरा, सकाळी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका, मेटाल्डिहाईडचं आमिष ठेवा. हे चूक नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा शेतकऱ्याला हाच सल्ला हवा होता. पण आमिषाला उपरी गोगलगाय कोणती नि इथली कोणती, हे कळत नाही. ते आपल्यालाच कळावं लागतं.

न कळता उपाय केला तर काय होतं, हे पॅसिफिकमधल्या मोओरिया बेटावर दिसलं. तिथे आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करायला १९७७ मध्ये युग्लँडिना ही शिकारी गोगलगाय सोडली. तिनं बेटावरच्या पार्टुला गोगलगायींचा फडशा पाडला. दहा वर्षांत त्या जंगलातून नाहीशा झाल्या. १५०० सालापासून नोंदल्या गेलेल्या प्राण्यांच्या विलुप्तींमध्ये मृदुकायांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा जमिनीवरच्या गोगलगायी आहेत.

तेव्हा हा पेपर वाचताना वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे 'पेपरनं सिद्ध केलं', उजवीकडे 'मी गृहीत धरलं'. 'दुर्मीळ', 'धोक्यात', 'फक्त आंबोलीतच' हे शब्द कोणत्या रकान्यात जातात ते तपासा. उजवा रकाना भरत गेला तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचा पीएचडीचा प्रश्न तिथेच पडलेला असण्याची शक्यता जास्त. त्यासाठी लगेच सिक्वेन्सिंगचा खर्चही लागत नाही. एक ठरलेला वाफा, दर पंधरवड्याला एकाच वेळी फेरी, थर्मामीटर, स्केल आणि न चुकता लिहिलेली तारीख. सुरुवात घरामागच्या कुंडीखालून केली तरी चालेल.